उन्हापाण्याने विटलेल्या आउटबोर्ड मोटरला घरच्या घरी रंग कसा द्यावा

आउटबोर्ड मोटर बोटीच्या मागच्या फळीवर कायम उघड्यावर टांगलेली असते. वरून ऊन, खालून पाणी आणि मधल्या भागावर सतत उडणारे तुषार यांमुळे काही वर्षांत झाकणाचा रंग विटतो, त्यावरून हात फिरवला की भुकटी बोटांना लागते, बोल्टांभोवतीचा रंग फुगतो आणि पाण्यात बुडणाऱ्या गिअरकेसचे (पंख्यालगतच्या, आत गिअर असलेल्या खालच्या भागाचे) पोपडे निघू लागतात. आतले इंजिन मात्र पुष्कळदा ठणठणीत असते. अशा मोटरला घरी रंग देणे हौशी माणसाच्या आवाक्यातले काम आहे. फक्त कामाचा क्रम ठाऊक हवा. नवखा माणूस रंगाच्या छटेचा विचार सर्वांत आधी करतो आणि धातूचा सर्वांत शेवटी, आणि नेमके तिथेच काम बिघडते. मोटरचा मधला भाग आणि गिअरकेस हे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ओतीव भाग असतात, आणि उघड्या ॲल्युमिनियमवर रंग सहजासहजी टिकत नाही. म्हणून पुढे रंग मारण्यापेक्षा त्याच्या आधीच्या कामांवरच अधिक लिहिले आहे.

हे मार्गदर्शन फक्त बाहेरच्या पृष्ठभागापुरते आहे. झाकणाखालच्या इंजिनाला रंग देणे हा वेगळा विषय आहे आणि पहिल्याच प्रयत्नात त्याच्या वाटेला न जाणे बरे.

१. आधी मोटर नीट पाहा

रंगाचे नुकसान साधारण तीन प्रकारचे असते. पहिला प्रकार म्हणजे उन्हाने वरचा थर मेलेला असणे. यात रंग फिका आणि खडूसारखा होतो, पण खालची पकड शाबूत असते. झाकणावर बहुधा हेच आढळते आणि कधीकधी नुसत्या पॉलिशने काम भागते. दुसरा प्रकार ओरखड्यांचा आणि घासल्याचा, जो गिअरकेसच्या तळाशी असलेल्या उभ्या पातीवर, म्हणजे स्केगवर, हमखास दिसतो. तिसरा आणि खरा त्रासाचा प्रकार म्हणजे रंगाखाली धातू खाल्ला जाणे.

हा तिसरा प्रकार ओळखण्यासाठी एखादा फुगवटा निवडा आणि खरवडणीच्या टोकाने हलकेच उचला. वरचा रंग पापुद्र्यासारखा अख्खा निघून येतो, त्याच्या उलट्या बाजूला जुने अस्तर, म्हणजे रंगाखालचा प्रायमर, चिकटलेले असते आणि खाली धातूवर ओलसर पांढरी भुकटी दिसते. ती पुसली की धातूत टाचणीच्या टोकाएवढे, कधी मसुराच्या दाण्याएवढे खड्डे उघडे पडतात. आता त्या फुगवट्याच्या कडेचा, घट्ट बसल्यासारखा वाटणारा रंगही खरवडून पाहा. अनेकदा तोही आणखी बोटभर अंतरापर्यंत सुटत जातो. जिथे खरवडणी जोर लावूनही रंगाखाली शिरत नाही, तिथे नुकसानीची खरी सीमा. ही सीमा पेन्सिलीने किंवा खडूने आखून ठेवा.

अशी पाहणी केल्यावर ठरवा की संपूर्ण मोटर रंगवायची की काही जागाच. माझे मत स्पष्ट आहे: कारखान्यातला मूळ रंग जिथे घट्ट आहे तिथे तो उतरवू नये. घरी देता येईल अशा कोणत्याही अस्तरापेक्षा कारखान्यातल्या प्रक्रियेची पकड बहुधा चांगली असते, आणि तिच्यावर नुसता सँडपेपर मारून नवा रंग चढवता येतो. ‘सगळे उतरवून नव्याने करू’ हा उत्साह अनेक चांगल्या मोटरींच्या मुळावर येतो.

याच वेळी ॲनोड तपासा. गिअरकेसवर आणि मोटर बोटीला पकडून ठेवणाऱ्या ब्रॅकेटवर बसवलेले हे धातूचे तुकडे मोटरच्या ऐवजी स्वतः झिजण्यासाठीच असतात. ते निम्म्याहून अधिक झिजले असतील, किंवा कुणी त्यांच्यावर रंग मारून ठेवला असेल, तर रंगाखालचा धातू का खाल्ला गेला याचे उत्तर बहुतेक तिथेच मिळते. ते बदलल्याशिवाय नवा रंग देणे व्यर्थ आहे. खाऱ्या पाण्यासाठी जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे आणि गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे ॲनोड वापरतात. मॅग्नेशियमचा ॲनोड खाऱ्या पाण्यात फार लवकर संपतो, तर जस्ताचा ॲनोड गोड्या पाण्यात नीट काम करत नाही.

पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, दांड्याशी तेल झिरपत असेल किंवा ओतीव भागाला तडा असेल, तर आधी दुरुस्ती करून घ्या. तेलाच्या जागेवर रंग बसत नाही.

२. साहित्य जमवा

काम सुरू केल्यावर मध्येच एखाद्या वस्तूसाठी थांबावे लागले, तर खरवडलेला धातू उघडा राहतो. म्हणून पुढील सर्व वस्तू आधीच हाताशी असू द्या.

- सँडपेपर: ८०, १२०, १८०, ३२० आणि ४०० नंबरचे, यांपैकी शेवटचे दोन पाण्यात चालणारे वॉटर पेपर असावेत
- नायलॉनचे घासण्याचे पॅड आणि स्टेनलेस स्टीलचा छोटा ब्रश
- प्लास्टिकची व धातूची खरवडणी, हेअर ड्रायर
- सौम्य साबण, बादल्या, गोडे पाणी
- मेण व ग्रीस काढणारे द्रावण आणि धागे न सुटणारी भरपूर फडकी
- दोन घटकांची इपॉक्सी लांबी (खड्डे भरण्याची पुट्टी)
- ॲल्युमिनियमसाठीचे अस्तर, रंग आणि हवा असल्यास पारदर्शक थर, शक्यतो एकाच उत्पादकाचे
- रंगकामाची मास्किंग टेप, मास्किंगचा कागद, छोटे रबरी बूच
- बाष्प अडवणारी गाळणी असलेला मुखवटा, डोळ्यांचा चष्मा, नायट्राइल हातमोजे
- आट्यांसाठी जॅम न होऊ देणारा लेप, सागरी ग्रीस, नवे ॲनोड
- मोटरची पुस्तिका, कॅमेरा, वही, मोजपट्टी आणि मल्टिमीटर

रंगाची छटा जुळवताना बाहेरचा रंग नमुना म्हणून नेऊ नका, कारण तो उन्हाने बदललेला असतो. झाकणाच्या आतल्या कडेला किंवा एखाद्या ब्रॅकेटखाली ऊन न लागलेला मूळ रंग सापडतो. एकाच कंपनीच्या छटाही वर्षागणिक बदललेल्या असतात, म्हणून मोटरचे मॉडेल आणि वर्ष सांगूनच रंग मागावा. धातूसारखी चमक असलेली छटा तुकड्यातुकड्यांनी दुरुस्त केली तर जोड दिसतोच. अशा वेळी पूर्ण भाग रंगवण्याची तयारी ठेवा.

एक सूचना रंगाच्या निवडीबाबत. दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग ऊन, पेट्रोल आणि ओरखडे यांपुढे सर्वांत चांगला टिकतो, परंतु त्याच्या कडक होणाऱ्या घटकात आयसोसायनेट असतात. त्यांचे तुषार श्वासात गेल्यास दम्यासारखा कायमचा त्रास जडू शकतो, आणि त्यांच्यापासून संरक्षणासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो घरी नसतो. म्हणून घरच्या कामासाठी एका घटकाचा सागरी किंवा इंजिनासाठीचा एनॅमल रंग योग्य. पॉलियुरेथेनच हवा असेल तर तयारी घरी करून शेवटचे हात एखाद्या कार्यशाळेकडून मारून घ्यावेत. हाच धोका डब्याच्या बुडाशी कळ दाबून मिसळण्याच्या दोन घटकांच्या स्प्रे कॅनमध्येही असतो, हे लक्षात ठेवा.

३. मोटर सुरक्षित करा

मोटर खाऱ्या पाण्यात चालली असेल तर आतून गोड्या पाण्याने धुऊन घ्या; इंजिन चालू ठेवून धुणार असाल तर पाणी आत घेणाऱ्या जाळ्यांना पाइप जोडल्याशिवाय ते सुरू करू नका, अन्यथा थंड पाणी खेचणारा रबरी इम्पेलर कोरडा फिरून खराब होतो. त्यानंतर पेट्रोलची नळी काढा, मोटरला अंगची टाकी असेल तर ती रिकामी करा, बॅटरीच्या तारा काढा आणि स्पार्क प्लगच्या टोप्याही काढून ठेवा, म्हणजे पंखा हाताने फिरवताना इंजिन चुकूनही पेट घेणार नाही.

लहान मोटर दोन जणांनी उतरवून भक्कम लाकडी घोडीवर उभी अडकवावी. उभ्या मोटरमधले पाणी निथळून जाते आणि चारही बाजूंनी हात पोचतो. ती आडवी ठेवावीच लागली तर पुस्तिकेत सांगितलेल्या बाजूवरच ठेवा. चार स्ट्रोकची मोटर चुकीच्या बाजूवर ठेवल्यास तेल सिलिंडरमध्ये उतरते. मोठी मोटर बोटीवरच राहू द्या आणि खालची बोट प्लास्टिकने झाका.

४. नोंदी करा, मग भाग काढा

प्रत्येक बाजूची छायाचित्रे घ्या. स्टिकर कोणत्या कडेपासून किती अंतरावर आहेत हे मोजून वहीत लिहा, कारण नवे स्टिकर लावताना नुसत्या छायाचित्रावरून उंची कळत नाही. पकडीच्या ब्रॅकेटवरची अनुक्रमांकाची पट्टी आणि धोक्याच्या सूचना हलवू नका. त्या झाकायच्या आहेत.

मग झाकण, पंखा, ॲनोड आणि सहज निघणाऱ्या कड्या काढून घ्या. गिअरकेसच्या वरच्या आडव्या प्लेटखाली जो पंखासारखा छोटा ॲनोड असतो तो अनेक मोटरींमध्ये सुकाणूचा ओढा सावरण्याचेही काम करतो, म्हणून काढण्यापूर्वी त्याच्या कोनाची खूण करून ठेवा. ॲल्युमिनियममध्ये बसलेले स्टेनलेसचे बोल्ट जॅम झालेले असतात. थेट जोर लावला की ते तुटतात आणि तुटलेला बोल्ट काढणे हे सगळ्या रंगकामापेक्षा मोठे काम होऊन बसते. गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर मुरू द्या आणि दुसऱ्या दिवशी थोडे आत, थोडे बाहेर असे हलवत काढा. तरीही हलत नसेल तर तो बोल्ट तसाच राहू द्या आणि त्याभोवती काम करा.

जुने स्टिकर हेअर ड्रायरने कोमट करून एका कोपऱ्यापासून सावकाश ओढावेत. झाकण प्लास्टिकचे आहे की फायबरग्लासचे हे आतल्या बाजूने पाहून ठरवा. उरलेला डिंक काढण्याचे द्रावण आधी झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात लावून पाहा, कारण थिनरसारखी तीव्र द्रावणे काही प्लास्टिकांना मऊ करतात.

५. घासण्याआधी धुवा

हा क्रम उलटा करणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. पृष्ठभागावर मेण, सिलिकॉनचे पॉलिश, ग्रीस आणि मीठ बसलेले असते. आधी पेपर मारला तर ते सारे पेपरच्या ओरखड्यांत दाबले जाते आणि मग निघत नाही. अशा जागी रंग मारताच गोल गोल डोळे पडतात आणि रंग बाजूला सरकतो.

प्रथम साबणाच्या कोमट पाण्याने सगळीकडे धुवा, नायलॉनच्या पॅडने सांधे घासा आणि भरपूर गोड्या पाण्याने खळखळून काढा. मीठ रंगाखाली राहिले तर ते ओलावा ओढून घेते आणि पुन्हा फोड येतात, म्हणून पाण्यात काटकसर करू नये. वाळल्यावर दोन फडक्यांनी द्रावण लावा: एका फडक्याने ओले करायचे आणि ते वाळण्याच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचे. एकाच फडक्याने पुसत राहिल्यास ग्रीस फक्त जागा बदलते. शेवटी स्वच्छ पाण्याचा हात मारून पाहा. पाणी सलग पातळ थरासारखे पसरले तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. थेंब थेंब होऊन ते गोळा झाले तर तिथे अजून तेलकटपणा आहे.

६. जुना रंग आणि पांढरी भुकटी काढा

घासण्यापूर्वी दांड्यांच्या सीलभोवती आणि सगळ्या भोकांवर टेप लावा, कारण पेपरची धूळ सीलच्या ओठात शिरली की ते सील गळू लागते.

सैल रंग खरवडून टाका. खाल्लेल्या जागांवर ८० नंबरचा पेपर वापरून पांढरा दिसणारा सर्व भाग काढा आणि खड्ड्यांच्या तळापर्यंत स्टेनलेसच्या ब्रशने पोचा. साध्या लोखंडी तारेचा ब्रश किंवा लोखंडी काथ्या इथे अजिबात वापरू नका. लोखंडाचे बारीक कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात, आणि ओलावा मिळताच त्या प्रत्येक कणाभोवती धातू नव्याने खाल्ला जातो. रंग उतरवणारी कॉस्टिकवर आधारलेली रसायनेही वर्ज्य, कारण कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमलाच विरघळवतो.

उघडा धातू आणि जुना रंग यांची सीमा १८० आणि मग ३२० नंबरने इतकी उतरती करा की डोळे मिटून बोट फिरवले तरी पायरी लागू नये. डोळ्यांवर येथे विसंबू नका. अस्तराच्या राखाडी रंगात पायरी लपते आणि चकचकीत रंग चढल्यावर ती ठळक दिसते. घट्ट असलेला जुना रंग ३२० नंबरच्या वॉटर पेपरने फक्त मॅट करा. झाकणाच्या कडा आणि उंचवटे घासताना हात हलका ठेवा, तिथला थर मुळातच पातळ असतो.

जुन्या मोटरींच्या हिरवट-पिवळ्या अस्तरात झिंक क्रोमेट असू शकते आणि त्याची धूळ कर्करोगकारक आहे. असे अस्तर दिसल्यास कोरडे घासणे पूर्ण टाळा, पाणी लावूनच घासा, मुखवटा घाला आणि निघालेला गाळ गटारात न सोडता फडक्यांनी टिपून धोकादायक कचऱ्यात द्या.

७. खड्डे भरा

बारीक खड्डे दोन घटकांच्या इपॉक्सी लांबीने भरावेत. वाहनांच्या पत्र्यासाठीची पॉलिस्टर लांबी स्वस्त आणि घासायला सोपी असते, तथापि ती पाणी शोषते. पाण्याखाली राहणाऱ्या भागांसाठी ती चालत नाही. लांबी दाबून भरा, म्हणजे खड्ड्यात हवा अडकणार नाही, आणि पूर्ण कडक झाल्यावर १२० व १८० नंबरने समतल करा. स्केगचा तुकडाच तुटला असेल तर ते लांबीचे काम नव्हे. तिथे वेल्डिंग लागते आणि ते रंगाआधी व्हायला हवे.

८. कुठे रंग लावायचा नाही ते झाका

या पायरीवर घाई करू नका. चुकीच्या जागी बसलेला रंग नुसता वाईट दिसत नाही, तो मोटरचे काम बिघडवतो.

ॲनोड आणि त्यांच्या बसण्याच्या जागा उघड्याच राहिल्या पाहिजेत, कारण ॲनोडचे काम धातूला धातू लागण्यावर चालते. भागाभागांना विजेने जोडणाऱ्या छोट्या तारांची टोकेही तशीच मोकळी हवीत. थंड पाणी आत घेणाऱ्या जाळ्या, पाण्याची धार बाहेर टाकणारे भोक, धूर बाहेर सोडणारी भोके आणि काही गिअरकेसच्या पुढच्या कडेला वेग मोजण्यासाठी असलेले बारीक छिद्र यांत रबरी बुचे किंवा टेपच्या गुंडाळ्या बसवा. एकदा रंग आत जाऊन वाळला की छिद्र पूर्ण बंद होते. याखेरीज पंख्याच्या दांड्याचे दाते, गिअर तेलाचे दोन्ही स्क्रू, ग्रीस भरण्याच्या निपल, मोटर वर उचलणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरचे चकचकीत दांडे, रबरी मऊ आधार आणि झाकणाचे रबरी सील झाकायचे. अनुक्रमांकाची पट्टी तर झाकायचीच.

टेपची कड नखाने दाबून बसवा. मोठे भाग वर्तमानपत्राऐवजी मास्किंगच्या कागदाने झाका. वर्तमानपत्रातून द्रावक झिरपतो आणि शाईही उतरते.

९. अस्तर द्या, आणि वेळ दवडू नका

घासलेल्या ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा थर लगेच तयार होऊ लागतो, आणि दमट हवेत उघडा राहिलेला धातू हळूहळू पुन्हा खराब होतो. म्हणून शेवटचा पेपर, द्रावणाचे पुसणे आणि अस्तराचा पहिला हात एकाच दिवशी, शक्यतो काही तासांच्या आत झाले पाहिजेत. एका दिवसात सगळी मोटर होणार नसेल तर जितक्या भागाला अस्तर देता येईल तितकाच भाग घासा. घासलेल्या धातूला उघड्या हाताने स्पर्श करू नका. बोटांचा घाम आणि तेल रंगाखाली तसेच राहते.

अस्तराचे दोन पर्याय आहेत. पहिला आम्लयुक्त ‘एच’ (etch) अस्तराचा: यातील फॉस्फोरिक आम्ल धातूच्या पृष्ठभागाला किंचित खरवडून पकड तयार करते, हे स्प्रे कॅनमध्ये मिळते आणि पाण्याबाहेर राहणाऱ्या धातूच्या वरच्या भागांसाठी सोयीचे आहे. त्याचा हात पातळच हवा. खालचा धातू थोडा झळकला तरी चालतो, जाड थर उलट सुटतो. दुसरा पर्याय दोन घटकांच्या इपॉक्सी अस्तराचा: हे ओलावा अडवण्यात सरस आहे आणि पाण्याखाली राहणाऱ्या गिअरकेससाठी मी नेहमी हेच सुचवेन. ते ब्रशनेही लावता येते, दोन्ही घटक उत्पादकाने दिलेल्या प्रमाणातच मोजून मिसळायचे असतात आणि मिसळलेले मिश्रण ठरावीक वेळेतच संपवावे लागते. इपॉक्सी उन्हाने खडूसारखे होते, म्हणून त्यावर रंग चढवल्याशिवाय ते उन्हात ठेवू नये.

सर्वांत महत्त्वाची सूचना: आम्लयुक्त अस्तरावर इपॉक्सी अस्तर देऊ नका, उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिली असेल तरच द्या. आम्लामुळे इपॉक्सी नीट कडक होत नाही. दोन्ही दिले म्हणजे दुप्पट संरक्षण, हा समज अनेकांना महागात पडतो.

प्लास्टिकच्या झाकणासाठी धातूचे अस्तर निरुपयोगी आहे. त्यासाठी प्लास्टिकवर पकड देणारे वेगळे अस्तर मिळते. अस्तर वाळल्यावर ४०० नंबरच्या पेपरने हलका हात फिरवा. कुठे धातू उघडा पडला तर तेवढ्या जागी पुन्हा अस्तर द्या.

१०. रंगाचे हात

हवामान आधी पाहा. साधारण १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि कोरडी, वारा नसलेली हवा उत्तम. धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते त्यापेक्षा) किमान ३ अंश अधिक असले पाहिजे, नाहीतर डोळ्यांना न दिसणारा ओलावा त्यावर बसतो. म्हणून दिवस कलल्यावर काम सुरू करू नका आणि कडक उन्हातही करू नका. उन्हात रंग धातूपर्यंत पोचण्याआधीच अर्धवट वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. जागा हवेशीर असावी, आसपास ज्योत किंवा ठिणगी नसावी. धुळीसाठीचा साधा कापडी मास्क द्रावकाचे बाष्प अडवत नाही, म्हणून गाळणीचा मुखवटाच लावा.

कॅन आतली गोळी वाजू लागल्यापासून निदान दोन मिनिटे हलवा. कॅन पृष्ठभागापासून २० ते ३० सेंटिमीटरवर धरा, भागाच्या बाहेर कळ दाबा, सरळ रेषेत हात नेऊन पलीकडच्या कडेबाहेर कळ सोडा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा येऊ द्या. मनगट फिरवून कमान काढू नका, हात संपूर्ण सरकवा. पहिला हात इतका पातळ असावा की खालचे अस्तर दिसत राहील. तीन ते चार पातळ हात द्या आणि मधला वेळ कॅनवर लिहिल्याप्रमाणे ठेवा.

गिअरकेसच्या वरची आडवी प्लेट हमखास फसवते. तिची खालची बाजू दिसत नाही म्हणून ती राहून जाते, आणि ती भरण्यासाठी कॅन जवळ नेला की प्लेट आणि उभ्या भागाच्या कोनात रंग साठून ओघळ उतरतो. यावर उपाय म्हणजे आधी कोपरे आणि खालच्या बाजू हलक्या फवाऱ्याने उरकून घ्याव्यात आणि मग मोठे सपाट भाग रंगवावेत. ओघळ आलाच तर ओल्या रंगाला बोट लावू नका. तो पूर्ण वाळू द्या, ४०० नंबरच्या वॉटर पेपरने समतल करा आणि पुन्हा पातळ हात द्या.

बऱ्याच एनॅमल रंगांवर ‘एक तासाच्या आत किंवा ४८ तासांनंतर’ अशा स्वरूपाची सूचना असते. ती गांभीर्याने घ्या. मधल्या काळात दिलेल्या हातातला द्रावक अर्धवट वाळलेल्या थरात शिरतो आणि सगळा पृष्ठभाग सुरकुततो. एनॅमलवर लॅकर मारल्यासही असेच होते. सुरकुतलेला रंग दुरुस्त होत नाही, तो उतरवावाच लागतो.

पंखा ॲल्युमिनियमचा असेल तर त्याला पातळ हात पुरे, कारण एका पात्यावर जास्त रंग बसणे समतोलाला चांगले नाही. स्टेनलेसचा पंखा रंगवू नये.

बोट कायम पाण्यात उभी राहत असेल आणि शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून वेगळा रंग द्यायचा असेल, तर तांब्याच्या ऑक्साइडचा रंग ॲल्युमिनियमवर कधीही लावू नका. तांबे आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम वेगाने खाल्ले जाते. डब्यावर ‘ॲल्युमिनियमच्या गिअरकेससाठी योग्य’ असे लिहिलेला, तांबे नसलेला रंगच घ्या, आणि तोही ॲनोडपासून दूर ठेवा.

११. पारदर्शक थर आणि स्टिकर

पारदर्शक थर ऐच्छिक आहे. दिलाच तर रंगाच्याच उत्पादकाचा द्या. एका घटकाच्या बहुतेक रंगांवर पेट्रोलचे थेंब डाग पाडतात किंवा तो मऊ करतात. टाकीच्या झाकणाखालचा भाग कसा टिकेल हे पाहायचे असल्यास त्याच रंगाने एक टाकाऊ पत्रा रंगवून, पूर्ण वाळल्यावर त्यावर पेट्रोलचा थेंब टाकून पाहा.

स्टिकर लावण्याची घाई करू नका. रंगातला द्रावक अजून बाहेर पडत असेल तर स्टिकरखाली बुडबुडे धरतात. आठवडाभर थांबा, जागा साबणाच्या पातळ पाण्याने ओली करा, वहीतल्या मोजमापांनुसार स्टिकर बसवा आणि मऊ पट्टीने मध्यापासून कडेकडे पाणी काढा. काही जण स्टिकरवरून पारदर्शक थर देतात. पुढे स्टिकर बदलायची वेळ आली की ते फार त्रासदायक ठरते, म्हणून मी ते सुचवत नाही.

१२. जोडणी आणि पहिला वापर

टेप रंग पूर्ण कडक होण्याआधी, स्वतःवर दुमडत सावकाश काढा. कडक रंगावरून टेप ओढली की कडेचा रंगही सोबत येतो. हाताला न चिकटणारा रंग म्हणजे पक्का रंग नव्हे. बोल्ट घट्ट करण्यापूर्वी आणि पाण्यात नेण्यापूर्वी उत्पादकाने सांगितलेला पूर्ण काळ जाऊ द्या, तो बहुधा काही दिवसांचा असतो.

प्रत्येक स्टेनलेस बोल्टच्या आट्यांना जॅम न होऊ देणारा लेप लावा आणि पुस्तिकेत दिलेल्या ताकदीनेच आवळा. वॉशरखाली रंग चिरडला गेला तर तिथे ताबडतोब ब्रशने रंगाचा ठिपका लावा, कारण पुढचा फुगवटा नेमका तिथून सुरू होतो. पंख्याच्या दांड्याच्या दात्यांना सागरी ग्रीस लावा. नवे ॲनोड बसवल्यावर मल्टिमीटरची एक तार ॲनोडला आणि दुसरी मोटरच्या एखाद्या उघड्या धातूला लावून रोध मोजा. तो जवळजवळ शून्य असायला हवा. नसेल तर ॲनोडखाली रंग राहिला आहे, तो खरवडा.

इंजिन सुरू केल्यावर पाण्याची धार नेहमीसारखी येते की नाही ते लगेच पाहा. येत नसेल तर इंजिन बंद करून बुचे आणि टेप सगळीकडून निघाली का हे तपासा. पहिल्या काही वापरांनंतर स्केगची खालची कड, बोल्टांची डोकी आणि आडव्या प्लेटची टोके नजरेखालून घाला. स्केगच्या टोकाचा रंग वाळूला घासून जाणारच, त्याची चिंता नको; मात्र इतर कुठे धातू उघडा दिसला तर तो भाग धुऊन, पुसून, अस्तर आणि रंगाचा छोटा हात लगेच द्या. त्यासाठी थोडे अस्तर आणि थोडा रंग शिल्लक ठेवा. कॅन ठेवून देण्यापूर्वी उलटा धरून नुसती हवा येईपर्यंत फवारा सोडा, म्हणजे तोंड बंद होणार नाही, आणि त्यावर छटेचा क्रमांक व तारीख लिहून ठेवा.